आईच्या गोळ्यांच्या वेळा

सरकत्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरणारी बाई रविवारी सकाळी सात वाजता म्हणाली, "आज आपण रोलर कोस्टरमध्ये बसायला जाऊ," तेव्हाच प्रियदर्शिनीच्या लक्षात आलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

ही बाई म्हणजे तिची आई, नंदाबाई. नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी लेकीकडे सिंगापूरला राहायला आल्या. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. लेक चौतीस वर्षांची, पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करणारी, बिशानला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि लग्न न केलेली. या शेवटच्या गोष्टीवरून मायलेकींमध्ये जे काही व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं.

आतापर्यंत चार स्थळं झाली आणि चारही वेळा फसवून. 'मुलगा बघायला चल' असं सरळ म्हणणं नंदाबाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या हाताखाली दोन हजार पोरं शिकून गेली, पण स्वतःच्या पोरीशी बोलताना त्यांचं कायम ताकाला जाऊन भांडं लपवणं. एकदा पुस्तकांच्या प्रदर्शनात कुणीतरी 'सहज' भेटलं. एकदा दाताच्या दवाखान्यात. एकदा बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात, खीर वाढता वाढता. चौथ्यांदा त्यांनी लेकीला विमानतळावरचा धबधबा बघायला नेलं, तर धबधब्यासमोर अख्खं कुटुंब पेढ्यांचा पुडा घेऊन उभं होतं. त्या दिवशी घरी येऊन प्रियदर्शिनी म्हणाली होती, "पुन्हा एकदा असं केलंस ना आई, तर तुझं तिकीट काढीन. सरळ नांदेड." ती बोलली की करते, हे आईला पक्कं ठाऊक होतं. नंदाबाईंनी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं की यापुढे तुझ्या लग्नाचा विषय मी काढणार नाही. या गोष्टीला दहा महिने झाले होते.

तेव्हा आजचा प्रश्न रोलर कोस्टरचा नव्हताच. आई शब्द मोडते आहे का, हा होता. मोडत असेल तर तिकीट काढावं लागणार होतं आणि ते काढायची प्रियदर्शिनीला बिलकूल इच्छा नव्हती. पण बोललेला शब्द गिळणाऱ्यांतली ती नव्हती. हट्टीपणात मायलेकी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.

म्हणून तिनं सकाळपासून पुरावे गोळा करायला सुरुवात केली. पुरावा पहिला, डबा. आईनं धपाटे केले होते आणि प्रियदर्शिनीनं ते मोजले. अठरा. दोन बायका, अठरा धपाटे. वर दह्याची चटणी वेगळ्या डब्यात, सांडू नये म्हणून झाकणाला रबर लावलेलं. पुरावा दुसरा, आईचे केस. न्हाऊन, तेल न लावता, मोकळे वाळवून मग घातलेला अंबाडा. पाळण्यात बसायला कोण अंबाडा घालून जातं? तिसरा पुरावा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत मिळाला. आईचा फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता आणि आई तो पदराआड धरून वाचत होती.

"कुणाचे मेसेज आहेत गं?"

"शाळेच्या ग्रुपवरचे. सुप्रभात, सुप्रभात चाललंय."

साडेदहा वाजले होते, म्हणजे नांदेडला आठ, आणि ग्रुपवरचं सुप्रभात तिथं सहालाच उरकायचं. सुप्रभातची वेळ टळून दोन तास झाले होते. प्रियदर्शिनीनं हेही मनात नोंदवलं.

मरीन परेडला उतरून समुद्राच्या बाजूला चालत गेलं की तो नवा पियर लागतो. समुद्रात सरळ आत शिरलेला रुंद लाकडी धक्का, त्याच्यावर खाण्याच्या टपऱ्या, नेमबाजीचे स्टॉल आणि दोन रोलर कोस्टर, एक पोराटोरांसाठी आणि एक थेट पाण्यावर झेपावणारा. दूर क्षितिजावर मालवाहू जहाजं नेहमीसारखी रांगेत उभी होती. उकाडा असा की माणूस उभ्या उभ्या भिजावा. तिकिटाच्या खिडकीपाशी पोचतात न पोचतात तोच नंदाबाई ओरडल्या.

"अगंबाई! रावसाहेब! तुम्ही इकडं कुठं?"

त्या इतक्या जोरात म्हणाल्या की रांगेतल्या दोन चिनी आज्या वळून बघायला लागल्या. शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी नाटकं बसवली होती म्हणे. अभिनय मात्र पोरांकडूनच करून घेतला असणार.

"जयभीम, जयभीम," समोरचे गृहस्थ म्हणाले. "आम्ही आपले... सहज."

सहज! हा शब्द ऐकला की प्रियदर्शिनीच्या अंगावर काटा यायचा.

रावसाहेबांना ती ओळखत होती. रविवारच्या वंदनेला येणारे, माइक बिघडला की न बोलता खिशातून स्क्रूड्रायव्हर काढणारे. आंग मो किओच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेले, तिथंच फ्लॅट घेऊन राहणारे. बायको चार वर्षांपूर्वी वारली. आज त्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि बुटांना पॉलिश होतं. आणि त्यांच्या शेजारी, हातात फोन घेऊन, उंचापुरा, दाढी कोरलेला, एकतीस-बत्तीसचा मुलगा उभा होता.

"हा आमचा उज्ज्वल," रावसाहेब म्हणाले. "डेटाचं काहीतरी करतो. मला समजत नाही."

"हाय ताई," उज्ज्वल म्हणाला.

झालं. डबा, अंबाडा, फोन, इस्त्री आणि उज्ज्वल. शितावरून भाताची परीक्षा व्हायला आणखी काय लागतं? 'ताई' हा शब्द तेवढा बसत नव्हता, पण इथं वाढलेली मुलं कुणालाही ताई म्हणतात, असं म्हणून तिनं तो बाजूला सारला. संशयाचं हेच असतं. जे पटतं ते उचलायचं, जे पटत नाही ते सोडून द्यायचं, आणि वर स्वतःला हुशार समजायचं. प्रियदर्शिनीला प्रयोगशाळेत कुणी असा प्रयोग दाखवला असता तर तिनं त्याला घरी पाठवलं असतं.

आधी छोट्या कोस्टरमध्ये बसायचं ठरलं. रावसाहेब रुळांपाशी जाऊन, डोळे मिटून साखळीचा आवाज ऐकत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "साखळी नीट ताणलेली आहे. बसायला हरकत नाही." एका डब्यात दोघं बसत. नंदाबाईंनी सहलीच्या सवयीनं लगेच जागा वाटून दिल्या. "तरुण माणसं पुढं, आम्ही म्हातारी मागं."

"आंटी, स्पेक्स रिमूव्ह हां," दांडा खाली घेणारा कामगार म्हणाला. नंदाबाईंनी चष्मा काढला तो रावसाहेबांनी स्वतःच्या खिशात ठेवला. हे प्रियदर्शिनीनं पाहिलं नाही, कारण ती उज्ज्वलवर नजर ठेवून होती.

गाडी चढणीला लागल्यावर उज्ज्वल एकदम गंभीर झाला. "ताई, कॅन आय आस्क समथिंग? तुम्ही आणि आंटी ऑलवेज एकत्र राहणार, इज इट? म्हणजे, चेंज आला तर यू ओके ऑर नॉट?"

चौकशी सुरू झाली म्हणायची! लग्नानंतर आई बरोबर येणार की काय, हेच ना विचारायचंय? तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गाडी खाली सुटली, त्यामुळे उत्तराऐवजी किंकाळी बाहेर पडली. मागून आईचा आवाज आला. आई किंचाळत नव्हती, हसत होती. असं हसताना प्रियदर्शिनीनं तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्याचाही तिला रागच आला. मला फसवून वर ही खूश!

आता तिच्याकडे एक हत्यार होतं. चारही स्थळं तिनं याच हत्यारानं परतवली होती. स्वतः नकार दिला की आई महिनाभर तोंड पाडून बसायची, म्हणून नकार समोरून येईल अशी व्यवस्था करायची. मुलाकडच्या वडीलधाऱ्या माणसाला गाठायचं, आवाज खाली आणायचा आणि सांगायचं की आईचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं. मग पुढचं काही करावं लागत नसे. आठवड्याच्या आत 'पत्रिका बघत नाही आम्ही, पण योग दिसत नाही' असा निरोप यायचा आणि नंदाबाई चकित व्हायच्या. हे पाप आहे असं प्रियदर्शिनीला कधी वाटलंच नव्हतं. आईला काय, पत्ता लागणार थोडाच?

नंदाबाई आणि उज्ज्वल उसाचा रस आणायला टपरीकडे गेले. रावसाहेब कठड्याला टेकून जहाजं बघत होते. प्रियदर्शिनी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"काका, तुम्ही चांगली माणसं आहात म्हणून आधीच सांगते. आई विसरायला लागली आहे."

रावसाहेबांनी मान वळवली. "विसरतात म्हणजे?"

"गॅस चालू ठेवते. मागच्या महिन्यात दोनदा रस्ता चुकली. आपल्याच ब्लॉकखाली उभी राहून शेजाऱ्यांना पत्ता विचारत होती. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. एकटं सोडायचं नाही. मी जिथं जाईन तिथं तिला न्यावं लागणार, जन्मभर." आवाज तिनं बरोब्बर जिथं कापायला हवा तिथं कापवला. "बाहेर कुणाला माहीत नाही. तिला स्वतःलाही नाही."

आधीचे चौघं इथपर्यंत आले की घड्याळ बघायचे. रावसाहेबांनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी कठडा घट्ट धरला. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"वर्षभर?" ते पुटपुटले. "मला कसं कळलं नाही?"

तुम्हाला कसं कळणार, आठवड्यातून एकदा वंदनेला भेटता, असं तिच्या मनात आलं. पण हत्यार लागलं होतं, तेव्हा तिनं पुढं काही विचारलं नाही.

मोठ्या कोस्टरच्या तोंडाशी सूचनांचा फलक होता. रावसाहेबांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग नंदाबाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्ही यात बसू नका."

"का बरं? मला ना बीपी ना शुगर."

"माझं ऐका. आपण दोघं खाली थांबू."

"अहो, यासाठी तर आलो आपण इथवर!"

'आपण' हा शब्द प्रियदर्शिनीच्या कानावरून गेला आणि गेलाच. ती उज्ज्वलबरोबर वर जाऊन बसली. गाडी टकटक करत चढत होती, खाली समुद्र हिरवट दिसत होता आणि उज्ज्वल शेवटच्या क्षणापर्यंत फोनवर कुणाला तरी मेसेज करत होता.

"कोण आहे एवढं?" तिनं खवचटपणे विचारलं.

"माझी गर्लफ्रेंड. शी इज सो नर्व्हस फॉर डॅड, माझ्यापेक्षा जास्त." त्यानं फोन खिशात टाकून खिशाची चेन ओढली. "हँड्स अप, ताई!"

गर्लफ्रेंड? मग हा कशाला आला? डॅडसाठी नर्व्हस म्हणजे? पण विचार करायला तिथं जागा नव्हती. गाडी पाण्यावर तिरकी पडली आणि त्या उलट्यापालट्यात तिला एक क्षणभर खालचा धक्का दिसला. रावसाहेबांनी तिच्या आईचा दंड धरला होता आणि पायरीवरून तिला काचेचं भांडं उतरवावं तसं उतरवत होते. आई हात सोडवून घेत होती.

ती खाली आली. रावसाहेब तिची वाटच बघत होते. त्यांनी तिला टपरीमागच्या सावलीत नेलं, खिशातून छोटी डायरी काढली, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "आईंच्या गोळ्यांच्या वेळा सांगा."

"काय?"

"कुठली गोळी सकाळी, कुठली जेवणानंतर. पहाटे उठून दाराशी जातात का? माझ्या मिसेसला सहा वर्षं कंपवात होता. शेवटी शेवटी तीही मला ओळखत नव्हती. मला यातलं सगळं येतं. दाराला वरून कडी लावायची, गॅसला खालून बंद करायचा नळ बसवायचा. ते मी याच आठवड्यात करून घेतो." ते डायरीकडे बघतच बोलत होते. "तुम्ही मला सावध करायला सांगितलंत, तुमचे उपकार आहेत. दुसरं कुणी लपवलं असतं. पण मी मागं सरणारा माणूस नाही. मघाशी कठड्यापाशी मी थोडा घाबरलो, ते खरं. मग विचार केला, आता तर त्यांना कुणीतरी जास्तच हवं. तेव्हा तुमची हरकत नसेल तर माझ्याकडून हो आहे."

"कशाला हो आहे?"

रावसाहेबांनी वर पाहिलं. चौसष्ट वर्षांचा माणूस शाळकरी पोरासारखा लाल झाला.

"अजून बोलल्या नाहीत का त्या? म्हणाल्या होत्या, आधी तिला तुम्हाला जवळून बघू दे, बोलू दे, मग मी विचारते. आम्ही दोघं लग्न करावं म्हणतोय. आठ महिने झाले. त्या बिशानकडून पार्कात फिरायला येतात, मी आंग मो किओच्या बाजूनं येतो. मध्ये नदीच्या पुलावर बसतो. त्यांची एकच अट आहे, मुलगी नको म्हणाली तर नाही."

आईनं शब्द मोडला नव्हता. आईनं तिच्या लग्नाचा विषय काढलाच नव्हता. कोण कुणाला बघायला आलं होतं आणि आपण सकाळपासून काय बघत बसलो!

आणि खरं सांगायचं तर लाज त्यानंतर आली. आधी मनात आलं ते वेगळंच. तिच्या मनात आलं की आपण एवढंच म्हणायचं, डॉक्टरांनी जागा बदलायची नाही असं सांगितलंय. बस्स. हा भला माणूस डोळे पुसून निघून जाईल, आई संध्याकाळी बिशानच्या स्वयंपाकघरात उभी असेल आणि सगळं होतं तसं राहील. हे वाक्य तिच्या जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात नंदाबाई रसाचे पेले घेऊन तिथं आल्या आणि रागानं म्हणाल्या, "रावसाहेब, मला पायरी उतरता येते. आज काय झालंय तुम्हाला?"

रावसाहेबांनी घाईघाईनं डायरी लपवली. ज्या बाईला स्वतःच्या आजाराचा पत्ता नाही तिला तो कळू नये, एवढ्यासाठी. ते बघून प्रियदर्शिनीला राहवलं नाही.

"आईला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "काका, मी खोटं बोलले. ती काही विसरत नाही, कुठं चुकत नाही. तिला एकही गोळी नाही. मला वाटलं, तुम्ही उज्ज्वलसाठी मला बघायला आलात. तुम्ही नको म्हणावं म्हणून मी सांगितलं की तिचं डोकं चालत नाही."

रावसाहेब जवळच्या बाकावर मटकन बसले. त्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला आणि मग ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंदाबाई हसल्या नाहीत.

"मागच्या चौघांनाही हेच सांगितलं होतंस?"

"हो."

"म्हणून त्या पेढेवाल्या कुटुंबातल्या सुचित्राबाई माझ्याशी मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलतात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांनाच कमी ऐकू येतं."

प्रियदर्शिनी रडायला लागली. नंदाबाईंनी तिला रडू दिलं. पेले बाकावर ठेवले, हात पुसले आणि वर्गासमोर उभ्या राहाव्यात तशा तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी तुला चार वेळा फसवून नेलं, ती माझी चूक. आजही सरळ बोलायची हिंमत झाली नाही. तू तिकिटाचं बोलली होतीस, ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. म्हटलं, माणूस तर बघू दे. आता बघितलंस. नको म्हणालीस तर विषय इथंच संपला, मी तुझ्याबरोबर घरी येते. पण नको म्हणायचं असेल तर तुझं स्वतःचं कारण सांग, प्रिया. माझ्या डोक्याचं नको."

रावसाहेब हसायचे थांबले. लांब उज्ज्वल उभा होता, त्यानंही फोन खाली घेतला होता.

प्रियदर्शिनीनं कारण शोधलं. माणूस वाईट आहे म्हणावं, तर त्यानं आत्ताच डायरी काढून दाखवली होती. लोक काय म्हणतील म्हणावं, तर तिनं स्वतः लोकांची कधी पर्वा केली नव्हती. शोधता शोधता जे तळाशी उरलं ते तिनं सांगितलं.

"मला एकटीला राहता येणार नाही, आई."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. इतकी वर्षं ती सगळ्यांना उलटं सांगत आली होती आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

नंदाबाई म्हणजे बारा वर्षं रिकाम्या घराचं कुलूप एकटीनं उघडलेली बाई. त्यांनी लेकीच्या गालावरचं पाणी पदरानं पुसलं.

"हे कारण खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण पुरेसं नाही."

मग त्यांनी चष्मा काढून लेकीच्या हातात दिला, पर्स तिच्या खांद्याला अडकवली आणि रावसाहेबांना म्हणाल्या, "चला, उठा. तो मोठा राहिलाय."